बोगनवेलीच्या नावामागचं जहाज

बोगनवेल आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती परदेशी आहे हे सहसा मनातही येत नाही. बंगल्याच्या फाटकावर, शाळेच्या कुंपणावर, महामार्गाच्या दुभाजकावर, गोव्यातल्या जुन्या घरांच्या अंगणात ती असतेच. एप्रिल-मे महिन्यात बाकी सगळं करपलेलं असतं, तेव्हा ही एकटी पेटलेली दिसते. नावातला ‘वेल’ तर अगदी घरचा वाटतो. पण मग ‘बोगन’ म्हणजे काय? तो एका फ्रेंच दर्यावर्दीच्या आडनावाचा तुकडा आहे. लुई-अंत्वान द बूगँव्हील हे त्याचं नाव. त्यावरून वनस्पतीचं शास्त्रीय नाव झालं ‘बूगनव्हिलिया’, आणि मराठी जिभेने त्यातल्या ‘व्हिलिया’ची सहज ‘वेल’ करून टाकली.

गंमत अशी की बूगँव्हीलने ही वेल शोधली नव्हती. तो सैनिक होता, गणिती होता, मोहिमेचा प्रमुख होता. वेल गोळा झाली ती त्याच्या मोहिमेवरच्या निसर्गअभ्यासकाच्या खटपटीतून, आणि त्या अभ्यासकाचं ओझं वाहणारी, पानं दाबून सुकवणारी, डोंगर चढणारी व्यक्ती आणखी वेगळीच होती. तिने तर आपण बाई आहोत हेही वर्षभराहून अधिक काळ लपवून ठेवलं होतं. इतिहासात अशा प्रवासांना कप्तानाचं नाव मिळतं. पण नवं ज्ञान प्रत्यक्षात तयार कसं झालं, हे समजायचं तर जहाजावर बाकी कोण होतं ते पाहायला हवं.

आधी प्रसंग समजून घेऊ. १७६३ मध्ये सात वर्षांचं युद्ध संपलं. फ्रान्सने कॅनडा गमावला, भारतातलं बळही गमावलं. बूगँव्हील कॅनडात लढून आलेला. ऐन विशीत त्याने समाकलन गणितावर ग्रंथ लिहिला होता आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं होतं. युद्धानंतर त्याने दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर फ्रेंच वसाहत उभारली, पण स्पेनने हक्क सांगितल्यावर ती सोडून द्यावी लागली. बेटं रीतसर स्पेनच्या हवाली करायची आणि तिथून पॅसिफिकमार्गे जगाला वळसा घालून घरी यायचं, असं ठरलं. डिसेंबर १७६६ मध्ये तो ब्रेस्ट बंदरातून निघाला. त्याच्या जहाजाचं नाव ‘ला बूदूज’, म्हणजे रुसूबाई. सामानाचं दुसरं जहाज ‘लेत्वाल’, म्हणजे चांदणी. ते फेब्रुवारी १७६७ मध्ये रोशफोरहून सुटलं आणि रिओ दि जानेरोला त्याला येऊन मिळालं. दोन्ही मिळून माणसं तीनशेहून जास्त.

यात नवं काय होतं? जगाला वळसा घालणारी जहाजं पूर्वीही गेली होती. पण राजाने नेमलेला निसर्गअभ्यासक आणि आकाश मोजणारा खगोलज्ञ मुद्दाम बरोबर घेऊन निघालेली ही पहिली मोठी पृथ्वीप्रदक्षिणा.

निसर्गअभ्यासक होता फिलिबेर कोमेरसाँ. शिक्षणाने डॉक्टर, जीव सगळा झाडापानांत. प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचं नाव देण्याची पद्धत घालून देणारे स्वीडनचे लिनियस त्याला ओळखत होते; त्यांच्याच सांगण्यावरून त्याने भूमध्य समुद्रातल्या माशांचा अभ्यास केला होता. १७६२ मध्ये बाळंतपणात त्याची बायको गेली. पुढे घर सांभाळायला आली ती झान बारे, बर्गंडीतल्या ला कोमेल गावात १७४० साली जन्मलेली गरीब घरची मुलगी. १७६४ मध्ये ती गरोदर होती. तिथल्या कायद्याप्रमाणे अविवाहित बाईला गरोदरपणाची नोंद करावी लागे. तिने नोंद केली, पण बापाचं नाव सांगितलं नाही. मग दोघं पॅरिसला आली. मूल तान्हेपणीच गेलं.

कोमेरसाँला मोहिमेचं बोलावणं आलं तेव्हा बरोबर एक नोकर न्यायची परवानगी होती. बाईला राजाच्या जहाजावर पाऊल ठेवायला मात्र सक्त मनाई. झान पुरुषाच्या कपड्यांत रोशफोरच्या धक्क्यावर आली, ‘झाँ’ या पुरुषी नावाने, आणि नोकर म्हणून चढली. ‘लेत्वाल’च्या कप्तानाने कोमेरसाँचं अवाढव्य सामान पाहून स्वतःची खोली त्याला दिली. त्या खोलीमुळेच झानला आडोसा मिळाला. शंभरावर पुरुष दाटीवाटीने राहत असलेल्या त्या जहाजावर दुसरीकडे कुठे तो मिळाला असता असं मला वाटत नाही.

आता त्यांचं काम काय होतं ते बघू, कारण ‘वनस्पती गोळा केल्या’ या तीन शब्दांत त्यातले कष्ट दिसत नाहीत. नवी वनस्पती दिसली की फुलासकट, शक्य तर फळासकट फांदी कापायची. ती कागदांच्या थप्पीत चापून बसवायची आणि वर वजन ठेवायचं. फांदीतला ओलावा कागद शोषून घेतो, म्हणून ओले कागद काढून कोरडे घालायचे, आणि हे फांदी पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं. एक दिवस आळस झाला की बुरशी धरते. जहाजावर तर हवाच खारट आणि दमट, वर झुरळं, उंदीर. प्रत्येक फांदीबरोबर चिठ्ठी हवी: कुठे मिळाली, कधी मिळाली, फुलाचा मूळ रंग कोणता. सुकल्यावर रंग जातो, त्यामुळे चिठ्ठी नसेल तर नमुना निम्मा मेला. एवढं नीट केलं तर अडीचशे वर्षांनीही तो कागद उघडून कुणी तपासू शकतं की आपण ज्याला अमुक म्हणतो ते हेच का. आपण चव, वास, वर्णन यांवर वाद घालू शकतो. वाळवलेल्या फांदीपुढे वाद संपतो.

रिओमध्ये १७६७ च्या जून-जुलैमध्ये हेच चाललं होतं. शहरातलं वातावरण बिघडलेलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयशी खटके उडत होते, आणि ‘लेत्वाल’वरच्या धर्मोपदेशकाचा तर शहरात खून झाला. कोमेरसाँच्या पायाला जुनी जखम होती, ती चिघळलेली. अशा स्थितीत रिओच्या आसपास ही जांभळट-गुलाबी वेल त्यांच्या संग्रहात आली. त्याने तिला मोहिमेच्या प्रमुखाचं नाव दिलं. पाय धड नसलेल्या मालकाच्या वतीने झाडीत कोण शिरलं असेल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. चिठ्ठीवर नाव मात्र कोमेरसाँचं.

एक छोटी सूचना. पुढच्या वेळी बोगनवेल दिसली तर एक गुच्छ हातात घेऊन बघा. जे रंगीत, कागदासारखं दिसतं ते फूल नाहीच. ती फुलाला वेढणारी रंगीत पानं आहेत, वनस्पतिशास्त्रात त्यांना छद म्हणतात. तीन छदांच्या मधोमध तीन बारक्या पांढरट नळ्या दिसतील, तीच खरी फुलं. असं बारकाईने बघणं हाच कोमेरसाँचा आणि झानचा रोजचा उद्योग होता.

मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, जहाजं १७६७ चा डिसेंबर आणि १७६८ चा जानेवारी मिळून ५२ दिवस अडकून होती. तिथल्या बर्फाळ डोंगरांवर झान खाण्याचं सामान, हत्यारं आणि कागदांच्या जाड थप्प्या पाठीवर घेऊन चालत असे. हे खुद्द बूगँव्हीलने पुढे लिहिलं आहे, आणि तिच्या हिमतीचं, ताकदीचं कौतुकही केलं आहे. कोमेरसाँ तिला आपला ‘ओझ्याचा बैल’ म्हणायचा. त्याने ते प्रेमाने म्हटलं असेलही, पण मला हा शब्द टोचतो. कारण वनस्पती ओळखणं, निवडणं, टिकवणं हे ती एव्हाना उत्तम शिकली होती.

आता दुसऱ्या माणसाकडे वळतो. पिएर-अंत्वान व्हेराँ हा खगोलज्ञ. त्याचं काम समजावून सांगणं अवघड मानलं जातं, पण पंचांग उघडणाऱ्या घरात वाढलेल्या कुणालाही ते चटकन कळेल.

जहाज समुद्रात नेमकं कुठे आहे हे सांगायला दोन आकडे लागतात. अक्षांश सोपा: दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजा, कोष्टक बघा, झालं. रेखांश अवघड, कारण तो खरं तर वेळेचा प्रश्न आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. त्याला १५ ने भागलं की साडेपाच येतात, म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. तेच गणित उलटं करा. जहाजावरची स्थानिक वेळ आणि त्याच क्षणी पॅरिसमध्ये असलेली वेळ, यांतला फरक कळला की रेखांश कळला. स्थानिक वेळ सूर्य सांगतो. पॅरिसची वेळ कोण सांगणार? डुलत्या जहाजावर लंबकाचं घड्याळ चालत नाही. समुद्रावर टिकणारं घड्याळ इंग्लंडमध्ये जॉन हॅरिसनने घडवलं होतं खरं, पण तशी घड्याळं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच.

मग उरलं आकाशातलं घड्याळ. चंद्र आज रोहिणीत असला तर उद्या मृगात. रोज एक नक्षत्र, म्हणजे साधारण १३ अंश. तासाचा हिशेब केला तर सुमारे अर्धा अंश, जवळपास स्वतःच्या बिंबाएवढा. म्हणजे तारे हे तबकडीवरचे आकडे आणि चंद्र हा काटा. हा काटा पुढे कोणत्या क्षणी कुठे असेल याची भरवशाची कोष्टकं जर्मनीतल्या टोबियास मायर यांनी नुकतीच तयार केली होती. खगोलज्ञाने चंद्र आणि एखादा तारा (दिवसा असेल तर चंद्र आणि सूर्य) यांच्यातला कोन मोजायचा, तो कोन पॅरिसच्या वेळेने किती वाजता होणार हे कोष्टकांवरून काढायचं, आणि ती वेळ जहाजावरच्या वेळेशी ताडायची.

तत्त्व सोपं, हिशेब जीवघेणा. हवेत प्रकाश वाकतो, त्याची दुरुस्ती करा. आपण पृथ्वीच्या केंद्रात नसून पाठीवर उभे आहोत म्हणून चंद्र थोडा सरकलेला दिसतो, त्याची दुरुस्ती करा. डेक हलतंय, ढग येतायत, हातातल्या ऑक्टंट या कोन मोजायच्या यंत्राचा आरसा थरथरतोय. कोन मोजताना एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली तर रेखांशात सुमारे अर्ध्या अंशाची चूक होते. विषुववृत्तावर ती पन्नास किलोमीटरच्या आसपास जाते, आणि तेवढ्या अंतरात प्रवाळाचा एखादा जीवघेणा खडक सहज लपतो.

व्हेराँने हे जिद्दीने केलं, आणि त्याच्या मोजणीमुळे पॅसिफिक महासागर खरोखर किती रुंद आहे याचा पहिला भरवशाचा आकडा मिळाला. याचं महत्त्व एका उदाहरणाने कळतं. सॉलोमन बेटं स्पॅनिश दर्यावर्दी मेंदान्याने १५६८ मध्ये पाहिली होती. पण त्यांचा रेखांश कुणाला धड सांगता आला नाही, म्हणून पुढे दोनशे वर्षं ती कुणाला पुन्हा सापडलीच नाहीत. खुद्द बूगँव्हील १७६८ मध्ये त्यांच्यामधून गेला, तरी ही तीच बेटं हे त्याला ओळखू आलं नाही. शोध लागतो तेव्हा जागा सापडलेली असते असं आपण धरून चालतो. रेखांश नसेल तर जागा सापडून पुन्हा हरवते.

त्याआधी, एप्रिल १७६८ मध्ये, जहाजं ताहिती बेटावर नऊएक दिवस थांबली होती. तिथून एक नवा सोबती चढला, आउतूरू. स्वखुशीने. युरोपीय शास्त्रज्ञ बेटवासीयांचा अभ्यास करतात एवढंच चित्र आपल्यासमोर असतं, पण इथे ज्ञान उलट्या दिशेनेही वाहिलं. ठळक ताऱ्यांपैकी बहुतेकांची नावं आउतूरूला ठाऊक होती. मृग नक्षत्राच्या खांद्यावरचा तेजस्वी तारा दाखवून तो म्हणाला, त्या रोखाने चला, दोन दिवसांत भरल्या घरासारखा देश लागेल. बूगँव्हीलने ऐकलं नाही, तेव्हा त्याने स्वतः सुकाणूचं चाक धरून जहाज वळवायचा प्रयत्न केला. कोष्टक नाही, आरसा नाही, तरी त्याच्या डोक्यात अख्खा समुद्र होता.

त्याने आणखी एक मोठं काम केलं. ताहिती पाहून बूगँव्हील भारावून गेला होता. इथे सगळे समान, सगळे सुखी, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढच्या प्रवासात आउतूरूने हळूहळू खरं सांगितलं. तिथेही वरचे आणि खालचे असतात, वरच्यांच्या हाती खालच्यांचं जगणं-मरणं असतं. बूगँव्हीलने १७७१ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात आपली चूक कबूल केली. बाहेरून येऊन नऊ दिवसांत समाज कळत नाही, हे त्याला एका सहप्रवाशाने शिकवलं.

आउतूरूच्या भाषेत ब, ग, ल हे उच्चार नाहीत. त्यामुळे ‘बूगँव्हील’चं त्याच्या तोंडी ‘पुतावेरी’ झालं. आपण ‘बोगनवेल’ केली तशीच ही गोष्ट. पॅरिसमध्ये तो सुमारे अकरा महिने राहिला, शहरात एकटा हिंडायचा, संगीतनाट्याचा त्याला फार लळा लागला. त्याला घरी पोहोचवण्यासाठी बूगँव्हीलने ३६ हजार लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन), म्हणजे स्वतःच्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा घातला. तरी तो घरी पोहोचला नाही. नोव्हेंबर १७७१ मध्ये मादागास्करला देवीच्या आजाराने गेला.

ताहितीनंतर जहाजांवर उपासमार सुरू झाली. जून १७६८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रवाळावर फुटणाऱ्या लाटा दिसल्या आणि अन्न संपत आल्यामुळे बूगँव्हीलने उत्तरेला वळण घेतलं. लोक सामानावरचं जुनं कातडं भिजवून खाऊ लागले. शेवटी त्याला ते बंद करण्याचा हुकूम काढावा लागला. फॉकलंडहून आणलेली एक शेळी रोज दूध देत आली होती, तीही कापावी लागली. तिला चारा घालून वाढवणारा खाटीकच सुरी चालवायला होता, आणि तो रडला. अशा दिवसांत, न्यू आयर्लंड बेटाच्या किनाऱ्यावरच्या मुक्कामी, १३ जुलैला सूर्यग्रहण होतं. पोटात अन्न नसताना त्यांनी ते मोजलं, कारण ग्रहणाचा क्षण म्हणजे रेखांश पक्का करण्याची मोठी संधी. एवढे हाल होऊनही सव्वादोन वर्षांच्या प्रवासात एकूण सातच माणसं दगावली, ही त्या काळात विलक्षण गोष्ट होती. समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी काढणारं डॉक्टर प्वासोनिएचं यंत्र बूगँव्हीलच्या जहाजावर होतं, त्याचाही यात वाटा आहे.

झानचं गुपित याच काळात फुटलं. बूगँव्हील लिहितो की ताहितीत किनाऱ्यावर उतरताच तिथल्या लोकांनी तिला बाई म्हणून ओळखलं, आणि नंतर मे महिन्याअखेर त्याने ‘लेत्वाल’वर जाऊन स्वतः विचारलं तेव्हा तिने रडत कबुली दिली. आपण अनाथ आहोत, खटला हरल्यामुळे हा वेष घेतला, मालकाला काही माहीत नव्हतं, असं ती म्हणाली. १७६४ ची ती गरोदरपणाची नोंद पाहता हे खरं नव्हतं. तिने कोमेरसाँला वाचवलं, एवढाच त्याचा अर्थ. जहाजाचा वैद्य व्हीव्हे याच्या नोंदींत निराळी हकीकत आहे: खलाशांनी तिला एकटं गाठून शहानिशा केली असं तो लिहितो, आणि त्याची भाषा हीन आहे. तिने त्या काळात काय सोसलं असेल ते त्या भाषेवरूनच कळतं. बूगँव्हीलने तिला शिक्षा केली नाही, आणि जगाला वळसा घालणारी ही पहिली बाई ठरेल असं लिहून ठेवलं.

नोव्हेंबर १७६८ मध्ये मॉरिशस आलं. पुढच्या शतकात कोकणातून गेलेली मराठी कुटुंबं जिथे वसली, तेच हे बेट. कोमेरसाँ, झान आणि व्हेराँ इथे उतरले. शुक्राचं सूर्यावरून होणारं १७६९ चं अधिक्रमण भारतात जाऊन बघायचं व्हेराँच्या मनात होतं. दोनेक वर्षांत तो वारला. बूगँव्हीलचं जहाज १६ मार्च १७६९ ला सेंट-मालोला पोहोचलं. कोमेरसाँ मॉरिशस आणि मादागास्करमध्ये झाडं धुंडाळत राहिला आणि मार्च १७७३ मध्ये गेला. त्यानंतर आठवडाभरात पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य निवडलं, तो गेल्याची बातमी अजून पोहोचली नव्हती. त्याचा संग्रह तीसपेक्षा जास्त पेट्यांतून पॅरिसला गेला.

पेट्या पोहोचल्या, पण नाव लागू व्हायला आणखी एक पायरी असते. कुणी मनात किंवा वहीत दिलेलं नाव शास्त्रात चालत नाही. ते वर्णनासह छापावं लागतं. कोमेरसाँने वहीतच शेकडो नावं ठेवून प्राण सोडला. बोगनवेलीचं नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झ्युस्यू यांनी १७८९ मध्ये आपल्या ग्रंथात छापलं, म्हणून ते टिकलं. एका झाडाला कोमेरसाँने ‘बारेतिया’ म्हटलं होतं, झानवरून. त्या झाडाची पानं एकाच फांदीवर वेगवेगळ्या आकाराची असतात, म्हणजे दिसतं एक आणि असतं दुसरं. पण पुढे ते झाड तुर्रिया या आधीच नाव मिळालेल्या प्रजातीत गणलं गेलं आणि ‘बारेतिया’ मागे पडलं. तुर्रिया म्हणजे आपल्या कडुलिंबाच्या कुळातली. तिची एक जात सह्याद्रीतही सापडते.

झानने पोर्ट लुईत मद्यगृह चालवलं, १७७४ मध्ये झाँ द्युबेर्ना या फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं, त्याच्याबरोबर फ्रान्सला परतली आणि प्रदक्षिणा पुरी झाली. कोमेरसाँच्या मृत्युपत्राप्रमाणे तिचा वाटा तिला मिळाला. १७८५ मध्ये नौदल खात्याने तिला वर्षाला २०० लिव्हरचं निवृत्तिवेतन दिलं आणि कागदावर ‘असामान्य स्त्री’ असं म्हटलं. १८०७ मध्ये ती गेली. तिच्या नावाची वनस्पती शास्त्रात टिकली ती २०१२ मध्ये: दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर आणि पेरूमधली एक वेल, वांगी-बटाट्याच्या प्रजातीतली, सोलानम बारेतिये. ज्यांनी नाव दिलं त्यांनी कोमेरसाँचंच कारण पुन्हा वापरलं. हिचीही पानं एका आकाराची नसतात.